चौथं नाव



मागच्या अंकात जुने चार्जर टाकून का देऊ नयेत यावर लिहिलं, तर कोजागिरीच्या कार्यक्रमात तिघांनी मला पिशवीभर जुने चार्जर आणून दिले. आभारी आहे, पण आता पुरे. घरात बायकोने त्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न इथे छापण्यासारखा नाही.

या वेळी विषय गाण्यांचा आहे, आणि तोही लांबच्या गाण्यांचा. माझ्याकडे तीन सीडींचा एक संच आहे. कंपनीने मला आठ महिने न्यू जर्सीला पाठवलं होतं, तेव्हा एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो मिळाला. डबीचा कोपरा तुटलेला होता, म्हणून निम्म्या किमतीत. तेव्हा मला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी तो घेतला त्याच्या नावासाठी : 'अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन'. मराठीत सांगायचं तर 'एका हिरमोडाचा अभ्यास'. त्या आठवड्यात आमचं रिलीज तिसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं होतं. वाटलं, हे आपल्यासाठीच केलंय कुणीतरी.

आत फ्लेचर हेंडरसन नावाच्या बँडप्रमुखाच्या १९२३ ते १९३८ या पंधरा वर्षांतल्या चौसष्ट ध्वनिमुद्रिका आहेत. कोलंबिया कंपनीने १९६१ साली हा संच चार तबकड्यांमध्ये काढला आणि १९९४ मध्ये तोच सीडीवर आणला. निवड फ्रँक ड्रिग्ज यांची. हेंडरसन १९५२ च्या डिसेंबरात वारले होते. म्हणजे त्यांच्या आयुष्याला 'हिरमोड' हे नाव मिळालं, ते ऐकायला ते नव्हते.

हा संच मी दहा वर्षं ऐकतोय. रात्री अमेरिकेशी कॉल असतो, सगळे जण येईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. तेवढ्यात दोन तुकडे होतात. का, तर बहुतेक तुकडे तीन मिनिटांच्या आसपास आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावत असे. आज आपण मेमरी कमी पडते म्हणून कुरकुरतो. या मंडळींनी डझनभर माणसं, सुरुवात, मध्य, तीन-चार एकल वादनं आणि शेवट हे सगळं तीन मिनिटांत बसवलं, आणि घाई कुठे जाणवत नाही.

आता 'बिग बँड' म्हणजे काय ते थोडं सांगतो. आपल्याकडे बँड म्हटलं की घोड्यापुढचा बँड आठवतो. वाद्यं तशी त्याच घराण्यातली, पण मांडणी वेगळी. बँडमध्ये तीन गट असतात. एक पितळी वाद्यांचा : ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन. दुसरा सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटचा. तिसरा ठेका धरणारा : पियानो, बँजो किंवा गिटार, ट्यूबा किंवा मोठा बास, आणि ड्रम. १९२४ च्या सुमारास हेंडरसनच्या बँडमध्ये दहा-अकरा जण होते, दहा वर्षांनी तेरा-चौदा.

आता अडचण बघा. चार-पाच वादक असतील तर प्रत्येकाने मनाला येईल ते वाजवलं तरी एकमेकांचं ऐकून निभावता येतं. न्यू ऑर्लिन्सचं जुनं जॅझ तसंच होतं. अकरा जणांनी तसं केलं तर भाजी मंडई होते. आणि अकरा जणांना एक-एक स्वर लिहून दिला तर ते जॅझ राहत नाही, कवायत होते. यातून वाट काढायची म्हणजे कुणीतरी आधी बसून कागदावर ठरवायचं, की इथे सॅक्सोफोन एकत्र बोलतील, इथे ट्रंपेट त्यांना उत्तर देतील, इथे सगळे मागे सरकतील आणि एकटा उभा राहून सोळा मात्रा, बत्तीस मात्रा स्वतःचं काही सांगेल. आपल्या भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात, तसा हा गटागटांतला सवाल-जवाब. पण लिहिलेला, आणि तरी लिहिल्यासारखा न वाटणारा.

हे कागदावर ठरवणाऱ्याला इंग्रजीत अरेंजर म्हणतात, आपल्याकडे संगीत संयोजक. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल : हा आर्किटेक्ट. गाणं त्याचं नसतं, वाजवत तो नसतो, आणि तो नसेल तर काहीच होत नाही.

हेंडरसन यांची गोष्ट एखाद्या इंजिनिअरला ओळखीची वाटेल अशी आहे. जॉर्जियातल्या कथबर्ट गावात १८९७ साली जन्म, आईवडील शिक्षकी पेशातले, घरी पियानोची सक्त शिकवणी. अटलांटा विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी. १९२० मध्ये न्यूयॉर्कला आले ते रसायनशास्त्रात पुढे काही करायला. पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाला प्रयोगशाळेत कोण उभं करणार? मग पोटासाठी एका संगीत प्रकाशकाकडे पियानोवर नवी गाणी वाजवून दाखवायचं काम, मग ब्लॅक स्वान या रेकॉर्ड कंपनीत, मग स्वतःचा बँड. शिक्षण एक, नोकरी भलतीच. आमच्या बॅचमध्ये मेकॅनिकलचे किती जण आज जावा लिहितात ते आठवलं.

१९२४ पासून हा बँड ब्रॉडवेवरच्या रोझलँड नाचघरात वाजवू लागला. वाजवणारे काळे, नाचायला प्रवेश फक्त गोऱ्यांना. सुरुवातीची मांडणी हेंडरसन यांची नव्हतीच, ती डॉन रेडमन या सॅक्सोफोनवादकाची. गटांना एकमेकांशी बोलायला लावायची कल्पना या बँडमध्ये रुजवली ती रेडमन यांनी. त्याच वर्षी शिकागोहून एक तरुण ट्रंपेटवादक येऊन दाखल झाला. वर्षभर राहिला आणि परत गेला. त्याचं नाव लुई आर्मस्ट्राँग. १९२५ ची 'शुगर फूट स्टॉम्प' ऐका. बाकीचा बँड बरा वाजवतोय, नीटनेटका, जरासा ताठ. आर्मस्ट्राँग सुरू होतो आणि अचानक जमीन हलते. ठेका तोच आहे, पण हा माणूस ठेक्यावर उभा राहत नाही, त्याच्या मागेपुढे झोके घेतो. तो गेल्यावर सगळा बँडच तसं वाजवायला शिकला, आणि रेडमन ते कागदावर उतरवायला शिकले. १९२६ ची 'द स्टँपीड' ऐकताना हे स्पष्ट कळतं. अवघ्या वर्षात केवढा फरक.

इथे एक तांत्रिक गोष्ट, माझ्यासारख्यांसाठी. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण मोठ्या कर्ण्यातून होत असे. सगळे कर्ण्याभोवती दाटीवाटीने उभे राहायचे आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणात रेघ कोरायची. ढोल वाजवला तर सुई उडायची, म्हणून ड्रमवाल्याला फार काही करू देत नसत. १९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि खोलीतली हवा ऐकू यायला लागली. पण कोलंबियाचीच एक स्वस्त लेबल होती, हार्मनी. तिने जुनी यंत्रणा पुढेही बरीच वर्षं चालू ठेवली. यंत्र आहे, चालतंय, मग कशाला बदला? (आमच्याकडे २००३ मधला एक सर्व्हर याच न्यायाने अजून चालू आहे.) त्यामुळे हेंडरसनचा हाच बँड, त्याच वर्षी, एका तबकडीवर स्वच्छ ऐकू येतो आणि दुसरीवर गोधडीखालून.

आणि त्या हार्मनीच्या तबकड्यांवर हेंडरसन यांचं नावही नसे. नाव असे 'द डिक्सी स्टॉम्पर्स'. आणखी काही तबकड्यांवर 'कॉनीज इन ऑर्केस्ट्रा'. कंपन्यांशी करार वेगवेगळे, म्हणून तोच बँड टोपणनावांनी विकला जायचा. विकत घेणाऱ्याला पत्ता नाही की आपण कुणाला ऐकतोय.

१९२७ मध्ये रेडमन दुसऱ्या बँडकडे गेले. १९२८ साली हेंडरसन यांना मोटारीचा अपघात झाला. त्यानंतर ते पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं. आधीच स्वभाव शांत, पैशांच्या बोलण्यात कच्चा. वादक उशिरा यायचे, हे ओरडायचे नाहीत. रेकॉर्ड कंपन्यांमध्ये वजन असलेले जॉन हॅमंड हे त्यांचे मोठे चाहते. त्यांनी डिसेंबर १९३२ च्या एका सकाळची आठवण सांगितली आहे. स्टुडिओ सकाळी घेतलेला, वादक एकेक करून येताहेत, बास घेऊन शेवटचा माणूस आला तेव्हा दुपार झालेली आणि वेळ संपत आलेली. उरलेल्या पाऊण तासात तीन बाजू मुद्रित झाल्या. त्यातली एक 'न्यू किंग पोर्टर स्टॉम्प'. ती ऐकताना कुणाला शंका येणार नाही की ही मंडळी धापा टाकत आली होती. उलट असं वाटतं की दिवसभर आराम करून आलेत. मी हे आमच्या मॅनेजरला सांगितलं नाही, उगाच चुकीचा संदेश जायचा.

या 'किंग पोर्टर स्टॉम्प'बद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण माझ्या लेखी सगळा संच तिच्याभोवती फिरतो. मूळ रचना जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाची, १९२३ मध्ये त्यांनी ती एकट्याने पियानोवर मुद्रित केली होती. हेंडरसनच्या बँडने ती तीनदा मुद्रित केली : १९२८, १९३२ आणि १९३३. त्या ओळीने ऐका. पहिलीत मॉर्टनच्या पियानोची सावली अजून आहे. दुसरीत सगळं वितळलंय आणि प्रत्येक जण आपापल्या पाळीला सुटलाय. तिसरीत त्या मोकळेपणाला शिस्त आलीय : शेवटच्या फेरीत पितळी वाद्यं छोटे छोटे स्वरगुच्छ फेकतात, सॅक्सोफोन ते झेलून परत टाकतात, आणि प्रत्येक फेकीत ताण वाढत जातो. कुठेही आवाज चढवून ताण आणलेला नाही. नुसत्या अंतरांच्या हिशेबाने आणलाय. पाच वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घासून पुसून तयार केलेली. आमच्या भाषेत तिसरी आवृत्ती स्थिर.

या सुमाराला हेंडरसन स्वतःच संयोजन करू लागले होते, वयाच्या पस्तिशीत, आधीचा माणूस सोडून गेल्यामुळे. गरज पडली म्हणून शिकलेली विद्या. आणि ती इतकी चांगली जमली की पुढची दहा वर्षं अमेरिका तिच्यावर नाचली. फक्त ते हेंडरसनच्या नावावर नव्हे.

१९३४ हे वाईट वर्ष. मंदी होती, कामं मिळेनात, दहा वर्षांहून जास्त काळ बँडचा आधार असलेला सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स इंग्लंडला निघून गेला, आणि वर्ष संपता संपता बँड मोडला. त्याच डिसेंबरात एनबीसी रेडिओवर 'लेट्स डान्स' नावाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. एका बिस्किट कंपनीने पुरस्कृत केलेला, दर शनिवारी रात्री, तीन बँड आळीपाळीने. त्यातला एक बँड बेनी गुडमन या पंचविशीतल्या क्लॅरिनेटवादकाचा होता, शिकागोच्या गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा. दर आठवड्याला नवी सामग्री हवी, आणि नव्या संयोजनासाठी कार्यक्रमाकडे पैसे होते. गुडमनने हेंडरसन यांच्याकडून संयोजनं विकत घ्यायला सुरुवात केली. काही नवी लिहून घेतली, काही हेंडरसनचा बँड आधीपासून वाजवत होता तीच. फार घाई झाली की हेंडरसन यांचा धाकटा भाऊ होरेस मदतीला असे.

काळ्या बँडला असा देशभर ऐकू जाणारा पुरस्कृत कार्यक्रम मिळणं त्या वेळी जवळजवळ अशक्यच होतं. म्हणजे तेच कागद, पण ते देशापुढे जायला वेगळ्या कातडीचे हात लागत होते.

पुढचा भाग मला फार आवडतो, कारण त्यात वेळेचे पट्टे आहेत, आणि माझं अर्धं आयुष्य त्यांच्यात गेलंय. १९३५ च्या उन्हाळ्यात गुडमनचा बँड मोटारींतून पश्चिमेकडे निघाला. वाटेत डेन्व्हरला लोकांनी अजिबात दाद दिली नाही. बँड मोडायच्या बेतात होता. २१ ऑगस्टला लॉस एंजलिसच्या पॅलोमार नाचघरात आधी गुळमुळीत नाचगाणी वाजवून झाली, प्रतिसाद नाही. मग गुडमनने हेंडरसनची पानं काढली, आणि लोक नाच थांबवून मंचाजवळ गोळा झाले. हे काय झालं? 'लेट्स डान्स' न्यूयॉर्कला रात्री फार उशिरा ऐकू जायचा, तेव्हा पूर्वेकडची पोरं झोपलेली असत. कॅलिफोर्नियात मात्र घड्याळ तीन तास मागे. तिथली कॉलेजची मुलं सहा महिने हेच ऐकत आली होती. गुडमनला ठाऊकच नव्हतं की आपल्याला श्रोते आहेत. स्विंगचा जमाना त्या रात्री सुरू झाला असं पुस्तकांतून लिहितात, आणि पुढे गुडमनला 'किंग ऑफ स्विंग' म्हणू लागले.

गुडमनची 'किंग पोर्टर स्टॉम्प' १ जुलै १९३५ ची आहे, या संचात अर्थातच नाही, पण सहज मिळते. ती हेंडरसनच्या १९३३ च्या तबकडीशेजारी लावून ऐका. आराखडा तोच. गुडमनची जास्त स्वच्छ, सुरात जास्त पक्की, आणि बनी बेरिगनचा ट्रंपेट त्यात खरोखर अप्रतिम आहे. मला तरी हेंडरसनचीच आवडते. तिच्यात ट्रॉम्बोन थोडे पुढे पळतात, कुणीतरी मागून ओरडल्यासारखं वाटतं, कडा सगळ्या सरळ नाहीत. इस्त्रीचा सदरा आणि अंगावरचा सदरा, एवढा फरक.

गुडमनला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याने हेंडरसनचं ऋण लपवलं नाही. १९३९ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केलं. त्याच वर्षी त्यांना आपल्याकडे पियानोवादक आणि संयोजक म्हणून नोकरी दिली. पैसे दिले, कौतुक केलं, जे काही करता येतं ते सगळं केलं. आणि तरीही मुकुट एकाच डोक्यावर राहिला. मधल्या काळात हेंडरसन यांनी पुन्हा बँड उभा केला, १९३६ मध्ये 'क्रिस्टोफर कोलंबस' खूप गाजली, पण तोवर लोकांना हे संगीत गुडमनचं म्हणून माहीत झालं होतं. खुद्द हेंडरसनच गुडमनसारखं वाजवतोय असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही.

इथवर लिहिलं ते मी कुणालाही सांगू शकतो. पुढचं सांगायला जरा जड जातं.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे पैशांच्या व्यवहारांचा मेळ घालणाऱ्या एका प्रणालीचं काम होतं. दोन ठिकाणच्या नोंदी जुळल्या नाहीत तर पुन्हा कधी, किती वेळा, कुठल्या क्रमाने तपासायच्या, हा तिचा जीव. तो सगळा आराखडा आमच्यातल्या एका सरांनी केला. वय पंचावन्नच्या पुढे, स्वतःची छोटी कंपनी होती ती बंद पडली, म्हणून आमच्याकडे कंत्राटावर आले. मितभाषी, मीटिंगमध्ये शेवटच्या खुर्चीत. वहीत पेन्सिलने चौकोन काढायचे. मी टीम लीड. मी ते चौकोन रंगीत केले, बाण लावले आणि ग्राहकापुढे सादर केले. मला ते छान जमतं. ग्राहक खूश झाला. वर्षाअखेरीला कंपनीने मोठ्या हॉलमध्ये काचेची पाटी दिली, तिच्यावर माझं नाव. कंत्राटी माणसाला पुरस्कार द्यायचा नियम नव्हता. मी माईकवर म्हणालो, 'हे माझ्या एकट्याचं नाही, माझ्या टीमचं आहे.' टाळ्या पडल्या. टीम हा शब्द किती सोयीचा आहे, त्यात कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही.

पाटी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवली. आईने तिचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सरांचं कंत्राट पुढच्या मार्चला संपलं.

मी काही चोरलं नव्हतं. गुडमननेही नव्हतं चोरलं. म्हणूनच तर हा संच ऐकताना मला त्रास व्हायला लागला. चोराच्या गोष्टीत आपण स्वतःला शोधत नाही.

आता बाबांबद्दल. आमचे बाबा काचीगुड्यातल्या घरात रविवारी सकाळी जुनी गाणी लावतात, लहानपणापासून बघतोय. सी. रामचंद्र म्हणजे त्यांचा देव, आणि ते त्यांना कायम 'चितळकर' म्हणतात, शेजारी राहत असल्यासारखं. एकदा मी हेडफोन काढून या संचातला एक तुकडा स्पीकरवर लावला. बाबा पेपर वाचत होते. दोन मिनिटांनी पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, हे तर आपल्या 'अलबेला'सारखं वाजतंय!"

बाबांचा कान बरोबर होता. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन बँडप्रमुख आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यानंतर टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक. त्यांचं ऐकून, आणि पुढे त्यांच्या बरोबरीने वाजवून, गोव्याचे वादक हे संगीत शिकले. त्यातले एक अंतोनियो झेवियर वाझ, बार्देसमधल्या हळदोण्याचे. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, आणि आर्मस्ट्राँगच्या ढंगात ट्रंपेट वाजवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. १९५१ च्या 'अलबेला'त ते चितळकरांचे सहाय्यक होते, त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे १९२४ साली रोझलँडमध्ये ज्या वादकाने हेंडरसनचा बँड हलवला, त्याचा ढंग सत्तावीस वर्षांनी एका गोंयकाराच्या हातून पुणतांब्याच्या संगीतकाराच्या गाण्यात आला. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "सहाय्यक म्हणजे नक्की काय करायचा रे तो?"

चांगला प्रश्न. बाबा चाळीस वर्षं ती गाणी ऐकताहेत आणि हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही, कारण कुणी सांगितलंच नाही. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत चाल संगीतकाराची, पण पन्नास वादकांपुढे ठेवायचे कागद लिहिणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं संयोजन केलं. अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तर घरोघरी झालं ते १९७७ च्या एका चित्रपटातल्या गमतीदार गाण्यामुळे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचं नाव तिथे ठेवलं. कित्येकांना अजूनही ते काल्पनिक नाव वाटतं.

मग मी आणि बाबांनी एक उद्योग केला. कपाटावरची खोकी उतरवून जुन्या मराठी कॅसेटचे कागद बघत बसलो. भावगीतं, भक्तिगीतं, नाट्यगीतं. तीन नावं ठळक : कवी, संगीतकार, गायक. चौथं नाव, संगीत संयोजक, कुठे बारीक अक्षरात, कुठे नाहीच. जिथे होतं तिथे बरेचदा अनिल मोहिले. बाबा म्हणाले, "हे नाव वाचल्यासारखं वाटतं, पण हे कोण ते लक्षातच घेतलं नाही कधी." पन्नासेक कॅसेटी झाल्यावर आईने जेवायला हाक मारली. खोकी अजून खालीच आहेत, आणि त्यावरही प्रश्न विचारले जात आहेत.

संचाबद्दल एक तक्रार नोंदवतो. नाव मला आता पटत नाही. हॅमंड यांच्यासारख्या बाहेरून बघणाऱ्याला हिरमोड दिसणं स्वाभाविक आहे. या बँडला प्रत्यक्ष ऐकलेले, त्यात वाजवलेलेही सांगत की तबकड्यांवर निम्मंही उतरलं नाही. असेल. पण चौसष्ट तुकड्यांत मला हिरमोड ऐकू येत नाही. मला ऐकू येतात एकत्र बसून काहीतरी शोधून काढणारी माणसं, सापडल्यावर हसणारी. हिरमोड नंतरचा आहे, हिशेबाच्या वेळचा. काही तुकडे सामान्य आहेत, विशेषतः जिथे कुणी त्या काळची प्रेमगीतं गुळगुळीत आवाजात गातं तिथे मी सरळ पुढे ढकलतो. नव्याने ऐकणाऱ्याने 'द स्टँपीड'पासून सुरू करावं, १९२३ ची खरखर नंतर. डबीतली पुस्तिका मात्र वाचाच. प्रत्येक तुकड्याची तारीख, कोण कुठलं वाद्य वाजवतंय, याची यादी आहे. 'डिक्सी स्टॉम्पर्स' म्हणून विकलेल्या माणसांची खरी नावं.

मागच्या महिन्यात मी कंपनीत आमच्या त्या प्रणालीचं मूळ दस्तऐवज उघडलं. पहिल्या पानावर लेखक म्हणून माझं नाव होतं, मीच घातलेलं. तिथे सरांचं नाव घातलं, माझं खाली 'सादरीकरण' म्हणून. बदलाचं कारण विचारतात त्या चौकटीत 'चूक दुरुस्ती' लिहिलं. पानाचा फोटो काढून सरांना पाठवला, आणि बरोबर दोन ओळी, ज्या लिहायला मला अर्धा तास लागला. सर आता निजामाबादला गावी असतात, शेती बघतात.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आलं.

"नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडलाय. आणि तिसऱ्या पानावरचा बाण अजून उलटाच आहे, तेव्हाही सांगितलं होतं."

दोन्ही दुरुस्त केलं. बाण खरोखरच उलटा होता.